मदत हवी आहे: जुन्या स्पीकरचा वूफर (खर्जाचा आवाज देणारा भाग) बदलू की नुसती फोमची कड?

मंडळी, टिळकवाडीच्या घरी बाबांचे १९८०च्या दशकातले विलायती थ्री-वे (खर्ज, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळ्या भागांतून देणारे) स्पीकर आहेत. बेळगावचे इतके पावसाळे काढून १० इंची वूफरच्या कडेचा फोम पार कुजलाय. बोट लावलं की काळा भुगा हाताला येतो. कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) मात्र शाबूत आहे, हलकेच दाबला तर मागची कॉइल (तारेचं वेटोळं) कुठे घासत नाही. इथले मेकॅनिक म्हणतात, नवा वूफर टाका. पण पेटीचं आकारमान आणि क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट) मूळ ड्रायव्हरच्या, म्हणजे इथे वूफरच्या, हिशेबाने जुळवलेले असतात, नुसता ८ ओहमचा विद्युतरोध जुळवून तो आवाज कसा येणार? सुळेभावीचे कुमार गंधर्व आम्ही याच स्पीकरवर ऐकत आलो.

उजवा ट्वीटरही (वरचे सूर देणारा भाग) मंद झालाय. आतलं फेरोफ्लुइड (कॉइलभोवतीचं चुंबकीय द्रव) सुकलं असावं.

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कॉइल मध्यावर धरून फोम नीट चिकटवणारं कुणी आहे का? आणि दोन्ही बाजू एकदमच कराव्यात ना?