मदत हवी आहे: बाळ सीपॅपवर आहे, ऑटोमॅटिक ऑक्सिजनच्या मशिनसाठी दुसरीकडे हलवावं का?

नमस्कार मंडळी,
माझ्या धाकट्या बहिणीचं बीपी फार वाढल्यामुळे २८व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलगी आहे, वजन १,१०० ग्रॅम. नाशिकला एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सीपॅपवर आहे, म्हणजे नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या मशिनवर. व्हेंटिलेटर लागला नाही, कॅफिन (श्वास मधेच थांबू नये म्हणून देतात ते औषध) चालू आहे, नळीने आईचं दूध थोडं थोडं जातंय. डॉक्टर म्हणतात, ठीक चाललंय.

पण मॉनिटर बघून आमचा जीव टांगणीला लागतो. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३ वरून एकदम ८२ वर येतं, अलार्म वाजतो, सिस्टर ऑक्सिजन वाढवतात, की आकडा ९९! मग पुन्हा कमी करायचा. बहिणीच्या मिस्टरांना कुणीतरी सांगितलंय की मुंबईत एके ठिकाणी ऑक्सिजन आपोआप कमीजास्त करणारं मशिन आहे. ते बाळाला हलवायचं म्हणताहेत, बहीण घाबरली आहे. त्या मशिनने खरंच इतका फरक पडतो का? कुणाला माहिती असेल तर कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी पुण्यात एनआयसीयूमध्ये सिस्टर आहे. आमच्याकडे एका व्हेंटिलेटरवर ही सोय आहे. बाळाच्या हातापायाला लावलेल्या प्रोबवरून मशिन सतत सॅच्युरेशन वाचतं आणि २१ ते १०० टक्क्यांच्या मधे ऑक्सिजन स्वतःच बदलतं. बाळ ठरवलेल्या मर्यादेत जास्त वेळ राहतं आणि आम्हाला हाताने कमी वेळा बदल करावे लागतात, हे अभ्यासांतही दिसलं आहे. एक सिस्टर तीन-चार बाळं सांभाळत असेल तिथे हा मोठाच आधार आहे. पण प्रोब सैल झाला तर मशिनलाही चुकीचाच आकडा मिळतो. शिवाय बाळाची तब्येत बिघडत असली तरी मशिन गुपचूप ऑक्सिजन वाढवत राहतं आणि सॅच्युरेशन छान दिसतं. म्हणून किती टक्के ऑक्सिजन लागतोय, तेही आम्ही बघतोच.

केवळ या सोयीसाठी स्थिर बाळाला मी हलवणार नाही. इतक्या लहान जिवाला रस्त्यातली थंडी, धक्के, सीपॅप सुटणं, सगळंच धोक्याचं. हलवायचंच झालं तर कारण वेगळं हवं, आणि ते डॉक्टरांनी सांगायला हवं.

त्यापेक्षा तिथेच विचारा: सीपॅपला ब्लेंडर आहे ना? हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर नसेल तर बाळाला थेट शुद्ध ऑक्सिजन जातो, ते वाईट. सॅच्युरेशनची मर्यादा किती ठेवली आहे? बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ च्या आसपास असते. २०१८ मध्ये पाच मोठ्या अभ्यासांचा, सुमारे पाच हजार बाळांचा एकत्र निष्कर्ष आला. ८५ ते ८९ ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, ९१ ते ९५ च्या गटात डोळ्यांच्या उपचारांची गरज जास्त पडली. म्हणून वरचा अलार्मही खालच्याइतकाच महत्त्वाचा, तो बंद करून ठेवलेला नसावा. मात्र बाळ २१ टक्क्यांवर, म्हणजे साध्या हवेवर असताना ९९ दिसलं तर घाबरू नका, तेव्हा जादा ऑक्सिजन दिलाच जात नसतो.

प्रतिसाद २
माझा मुलगा ३० आठवड्यांचा होता. डोळ्यांची तपासणी चुकवू नका. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची आरओपीसाठी (वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, तुमच्या बाळासारख्या लहानग्यांची आणखी लवकर, दोन-तीन आठवड्यांत. डिस्चार्जची वाट बघू नका, तारीख आत्ताच मागून घ्या. ऑटोमॅटिक मशिन असलं तरी ही तपासणी लागतेच.

धागाकर्ती
सिस्टर, दादा, मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. ब्लेंडर आहे, मर्यादा ९० ते ९५, दोन्ही अलार्म चालू. बाळाला सध्या २५ टक्के ऑक्सिजन पुरतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीखही मिळाली. हलवायचा विचार सोडलाय. आता एकच विचारायचंय: सीपॅप चालू असताना बहिणीला कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं) देता येईल का?

प्रतिसाद १
हो ताई, बाळ स्थिर असेल तर देता येतं. नळ्या सांभाळायला सिस्टर शेजारी हव्यात, म्हणून आधी वेळ ठरवून घ्या.