गिट कुठून सुरू करू? चौघांचा प्रोजेक्ट, खर्च शून्य

शेवटचं_वर्ष: आम्ही चौघं जँगोमध्ये (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) प्रोजेक्ट करतोय. कोड झिप करून व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि काल मी नीट केलेलं लॉगिनचं पान दुसऱ्याच्या झिपने परत मोडलं. सगळ्यांकडे विंडोज, एकाचा लॅपटॉप ४ जीबीचा. पैसे अजिबात नाहीत. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून सगळ्यांचे एकत्र करणारं सॉफ्टवेअर, वापरायचंय; सुरुवात कशी करू?

देवगड_हापूस: मी पेड एडिटर घेतलाय, कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) आला की दोन्ही बाजू शेजारी शेजारी दाखवतो, पैसे वसूल. डोळे झाकून घ्या.

शेवटचं_वर्ष: दादा, पैसे नाहीत लिहिलंय वर.

जुनं_खोड: आमच्या वेळी एसव्हीएन होतं, याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, फाइल लॉक केली की कुणाची हात लावायची टाप नव्हती. गिट काय, २००५ साली लिनक्सवाल्यांचं फुकटचं बिटकीपर (तेही असंच सॉफ्टवेअर) बंद झालं म्हणून लिनक्सच्याच टॉरवाल्ड्सने घाईत लिहिलं. कॉलेजच्या पोरांना कशाला हवंय ते?

रात्रपाळी: काका, तेच घाईतलं आज सगळीकडे चालतंय. ताई, गिटहबवर (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) प्रायव्हेट रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं खाजगी फोल्डर, काढा, २०२० पासून त्यात कितीही जण फुकट जोडता येतात. पुश करताना (आपले बदल गिटहबवर चढवताना) अकाउंटचा पासवर्ड चालत नाही, ते २०२१ लाच बंद केलंय, ब्राउझरमधून लॉगिन करा नाहीतर टोकन (पासवर्डऐवजी चालणारा कोड) काढा. आणि पहिल्या कमिटच्या (बदलांच्या नोंदीच्या) आधी गिटइग्नोर फाइल (गिटने काय सोडायचं त्याची यादी) बनवा, त्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (प्रोजेक्टच्या पायथॉन लायब्ररींचं) फोल्डर आणि एसक्यूलाइटची, म्हणजे डेटाबेसची, फाइल टाका, ती बायनरी असते, दोघांनी बदलली की मर्ज (दोघांचे बदल एकत्र) होत नाही. मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतले बदल लिहिलेल्या) फायली मात्र रेपोत राहू द्या.

टर्मिनलवाला: टर्मिनलच (कमांड टाइप करायची खिडकी) शिका!! बटणं दाबून गिट येत नसतं. पुल (बाकीच्यांचे बदल आपल्याकडे घेणं), ॲड (नोंदीसाठी फाइल निवडणं), कमिट, पुश, एवढ्यावर निम्मं काम भागतं. प्रत्येकाची वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा), मास्टरवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, थेट कुणीच नाही.

देवगड_हापूस: मास्टर नाही, मेन. २०२० पासून गिटहबवर नवीन रेपोला मेनच येतं.

टर्मिनलवाला: माझ्या रेपोला मी काहीही म्हणेन, तुम्ही तुमचा एडिटर सांभाळा.

नागपुरी_संत्रं: सीक्रेट की (पासवर्डसारखा गुप्त कोड) चुकूनही कमिट करू नका. आमच्या जुन्या ऑफिसात एकाने पब्लिक रेपोत क्लाउडची की टाकली, मग पुढच्या कमिटमध्ये काढली आणि निवांत जेवायला गेला. जुन्या कमिटमध्ये ती तशीच होती ना भाऊ! कुणीतरी ती वापरली, बिल असं आलं की साहेबांचा आवाज जिन्यापर्यंत. की गेली म्हणजे गेली, नवीनच काढायची.

कोथरूडकर: गिटहबवर प्रायव्हेट रेपो फुकट असतो बरं का.

रात्रपाळी: वर लिहिलंय की तेच.

जँगोग्रस्त: खरी मारामारी मायग्रेशनची होते. दोघांनी आपापल्या मशीनवर मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाचा कोड) बदललं की दोघांचीही ०००४ नंबरची फाइल तयार, नावं वेगळी म्हणून गिट गप्प बसतं आणि जँगो मायग्रेट करताना अडतो. मेकमायग्रेशन्सला मर्जचा ऑप्शन आहे, पण दोघांनी एकाच फील्डला हात लावला असेल तर बसा निस्तरत.

कोथरूडकर: आणि फोर्स पुश (गिटहबवरचं पुसून आपलंच चढवणं) नको. केलाच कुणी तर बाकीच्यांच्या लॅपटॉपवर जुनी कॉपी असते, घाबरून डिलीट करू नका.

शेवटचं_वर्ष: सगळ्यांना थँक्स. चौघांचं ठरलं: गिटहबचं डेस्कटॉप ॲप, ब्रँच नाही, सगळे मेनवरच, काम सुरू करायच्या आधी पुल. मॉडेल आणि मायग्रेशन फक्त मी करणार.

टर्मिनलवाला: म्हणजे कुणाचंच ऐकलं नाही. ४ जीबीवाला ॲप उघडेपर्यंत चहा पिऊन येईल.

जँगोग्रस्त: मायग्रेशनचं ऐकलंय. करू दे.