मदत हवी आहे : १२ नाणी, तागडी तीनदाच

नमस्कार मंडळी, लातूरला आमचं आडतीचं दुकान आहे, पण सध्या डोकं खातंय ते भाचीनं घातलेलं कोडं.

दिसायला सारखी १२ नाणी. एक खोटं, पण ते जड आहे की हलकं, माहीत नाही. दोन पारड्यांची तागडी, मापं वापरायची नाहीत. तीनदाच तोलून खोटं नाणं शोधायचं आणि ते जड की हलकं हेही सांगायचं. (खोटं जडच आहे हे आधी कळलं तर ९ नाण्यांचा निकाल दोनदा तोलून लागतो. ते पोरंही करतात.)

मी आधी ४ विरुद्ध ४ ठेवतो. पारडी सारखी राहिली तर उरलेल्यांतली ३ नाणी ३ खऱ्यांसमोर, पुढचं सोपं आहे.

घोडं अडलंय ते तागडी पहिल्यालाच झुकली तर. मग आठांवर संशय: खालच्या चारांतलं एक जड, नाहीतर वरच्या चारांतलं एक हलकं. दोन तोलांचे ३ × ३ = ९ निकाल, शक्यता ८, म्हणजे जमायला पाहिजे. काही नाणी या पारड्यातून त्या पारड्यात न्यायची असणार, पण कुठली? आणि बाजूला किती काढायची?

पूर्ण उत्तर नको, दुसऱ्यांदा काय तोलायचं तेवढं सांगा. भाची रोज फोन करते, "मामा, हरलात का?"

जाता जाता, १३ नाण्यांच्या शक्यता २६, तीन तोलांचे निकाल २७. तरी तिथं जड-हलकं दरवेळी सांगता येत नाही म्हणतात, ते का?