अन्नातल्या कीटकनाशकांची मर्यादा जगभर एकच का नको?

रानवाट (धागाकर्ता)
फळ तेच, फवारलेलं औषध तेच, सापडलेला अंशही तेवढाच, पण एका देशाच्या बंदरात माल पास होतो आणि दुसरीकडे तोच अडवून परत पाठवतात नाहीतर नष्ट करतात. खाणाऱ्यांची शरीरं सगळीकडे सारखीच, मग मर्यादा वेगवेगळ्या कशाला?

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ मध्ये कोडेक्स आयोग काढला. तो प्रत्येक औषधासाठी पीकवार एमआरएल ठरवतो, म्हणजे एक किलो मालात जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम अंश चालेल ते. पण तो आकडा कुणावर बंधनकारक नाही. युरोपीय युनियनचे आकडे वेगळे, आणि जिथे आकडाच ठरलेला नाही तिथे त्यांच्याकडे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं, जपाननेही २००६ पासून तसंच केलंय. माझं म्हणणं असं की जगभर एकच मर्यादा हवी आणि ती सगळ्यात कडक असेल तीच हवी. जे एका देशाच्या मुलांना चालत नाही ते दुसऱ्या देशाच्या मुलांना कसं चालतं?

पिपेट
असहमत. मी रेसिड्यू (अन्नात उरलेला औषधाचा अंश) तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, रोज हेच आकडे बघते. सगळ्यात मोठा गैरसमज हा की एमआरएल म्हणजे विषारीपणाची रेघ, तिच्या पलीकडे गेलं की विष आणि अलीकडे अमृत. एमआरएल येतो शेतातून. लेबलवर लिहिलंय तेवढंच औषध, तेवढ्याच वेळा मारायचं, शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस पाळायचे आणि मग मालात किती उरतं ते वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांत मोजायचं. त्यावरून आकडेमोड करून मर्यादा काढतात, आणि ती मुद्दाम थोडी वर ठेवतात, कारण नीट फवारणी करणारा उगाच नापास व्हायला नको.

आरोग्याचा हिशेब वेगळा होतो आणि तो नंतर ताडून बघतात. प्राण्यांवरच्या अभ्यासात ज्या डोसला काहीच वाईट परिणाम दिसला नाही तो घ्यायचा, त्याला साधारण १०० ने भागायचं (प्राणी ते माणूस १० पट, माणसामाणसांतला फरक १० पट), की एडीआय मिळतो, आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं प्रमाण. आता तुमचं ते ०.०१. बऱ्याच औषधांसाठी तो लॅबला भरवशाने मोजता येईल असा खालचा आकडा आहे, एवढंच. तो ओलांडला म्हणजे माणूस आजारी पडेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

रानवाट
माहितीबद्दल धन्यवाद, पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. मर्यादा शेतीच्या सोयीने ठरते आणि आरोग्य नंतर ताडून बघतात, हे तुम्हीच लिहिलंय. आणि ताडायचं कशाशी? क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचंच घ्या. एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांच्या बैठकीने, म्हणजे जेएमपीआरने, १९९९ मध्ये त्याचा एडीआय शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.०१ मिग्रॅ ठरवला. २०१९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की जनुकांवर परिणामाची शक्यता नाकारता येत नाही, वाढत्या मेंदूवर परिणामाची चिंता आहे, त्यामुळे सुरक्षित पातळी ठरवताच येत नाही. २०२० मध्ये तिथे मान्यता संपली, मर्यादा ०.०१ वर आणली. एकच रसायन, एक म्हणतं इतकं चालेल आणि दुसरं म्हणतं किती चालेल ते सांगताच येणार नाही. सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं?

दोन_लेकरांची_आई
पिपेट, तुमच्याच पद्धतीने हिशेब करून बघितला. समजा सफरचंदात एखाद्या औषधाची मर्यादा १ मिग्रॅ आहे आणि एडीआय ०.०१. साठ किलोच्या माणसाला रोज ०.६ मिग्रॅ चालतं, म्हणजे सहाशे ग्रॅम सफरचंदं. १५ किलोच्या पोराला ०.१५, म्हणजे दीडशे ग्रॅम, म्हणजे एक सफरचंद! आणि पोरं दिवसभर फक्त सफरचंदच खातात का, तेच औषध इतर फळांत, धान्यात पण असणार. वजनाच्या मानाने लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त खातात हे अमेरिकेत १९९३ च्या अहवालात आलं आणि १९९६ मध्ये तिथे कायदाच झाला की खात्रीचा डेटा नसेल तर मुलांसाठी आणखी १० पट सुरक्षितता धरायची. युरोपात बाळांच्या डबाबंद अन्नात कुठल्याही कीटकनाशकाला सरसकट ०.०१ ची मर्यादा आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. मग बाळ डब्यातलं सोडून घरातलं खायला लागलं की त्याचं शरीर लगेच मोठ्यांसारखं होतं का?

पिपेट
हिशेब बरोबर आहे पण त्यातलं एक गृहीतक चुकीचं आहे, प्रत्येक सफरचंदात मर्यादेइतका अंश धरलाय तुम्ही. दीर्घकाळच्या हिशेबात चाचण्यांमधला मधला आकडा घेतात, आणि तोसुद्धा खाण्याच्या भागातला. संत्र्याची मर्यादा सालासकट फळावर असते, पोटात जातो तो गर. एकाच वेळी जास्त खाण्याचा धोका वेगळा बघतात, त्यात लहान मुलांचा खूप मोठा घास धरतात आणि एखाद्या फळात सरासरीच्या तिप्पट अंश असेल असंही धरतात. हा ताळा जमला नाही तर जेएमपीआर तसं लिहून देते आणि मग ती मर्यादा सहसा पुढे सरकत नाही.

मिश्रणाचा प्रश्न मात्र खरा आहे, तिथे मी वाद घालणार नाही. कोडेक्स एकेक औषध सुटं बघतं आणि ताटात पाच-सहा एकत्र येतात. युरोपने २०२० मध्ये मज्जासंस्था आणि थायरॉईड यांच्यासाठी एकत्रित हिशेब केला, त्यात खाणाऱ्यांचा धोका बहुधा ठरलेल्या पातळीच्या खालीच निघाला. पण अवयव किती आणि हिशेब झालेत किती!

बांधावरून
सगळी चर्चा खाणाऱ्याची चाललीय, पिकवणाऱ्याचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. भातावरच्या करप्यासाठी (बुरशीचा रोग) ट्रायसायक्लाझोल हे औषध मारतात. युरोपने २०१७ मध्ये त्याची मर्यादा १ वरून थेट ०.०१ वर आणली, शंभर पट खाली. ज्याने काल लेबल बघून फवारलं त्याचा माल आज नापास. कडक मर्यादा म्हणायला सोपंय, पण पर्यायी औषध महाग असतं नाहीतर लागू पडत नाही, आणि नवीन डेटा कोण देणार? चाचण्यांचा खर्च कंपनी करते, पेटंट संपलेल्या जुन्या औषधावर आणि छोट्या पिकावर कुणी पैसा घालत नाही. कोडेक्समध्ये ठरावीक वर्षांनी फेरतपासणी असते, कागद द्यायला कुणी पुढे आलं नाही की मर्यादाच काढून टाकतात. त्यात घातक काही सापडलं असं नसतं, कागद मिळाले नाहीत एवढंच. मग तिथे लागतं ०.०१, आणि लोक बातमी वाचून म्हणतात शेतकरी विष पिकवतात.

आणि खरं नुकसान बघायचं तर फवारणाऱ्याचं बघा. पंप पाठीवर, नोझल तुंबलं की उघड्या हाताने साफ करायचं, वारा फिरला की सगळं तोंडावर. त्याच्या अंगात जे जातं त्याच्यापुढे सफरचंदातला अंश काहीच नाही. त्याच्यासाठी कुठला एमआरएल आहे?

रानवाट
बांधावरून, फवारणाऱ्याच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत, पण म्हणूनच तर असली औषधं जगातून गेली पाहिजेत. युरोपातल्या कंपन्यांनी स्वतःकडे बंदी असलेली कीटकनाशकं बाहेरच्या देशांना विकलीत, आणि तोच युरोप त्या देशांकडून आलेला माल ०.०१ लावून अडवतो. जगात एकच नियम असता तर हा धंदा चालला असता का?

पिपेट
हा दुटप्पीपणा मलाही अजिबात पटत नाही. पण मर्यादा कडक करून तो थांबणार नाही, निर्यातबंदीने थांबेल, फ्रान्सने तसा कायदा केलाय. मर्यादेवर सगळीच ओझी टाकायला लागलो तर तिचा अर्थच राहणार नाही. क्लोथियानिडिन आणि थायमेथॉक्झाम या कीटकनाशकांच्या मर्यादा युरोपने २०२३ च्या नियमाने खाली आणल्या, कारण दिलं मधमाश्यांचं. मधमाश्या वाचल्याच पाहिजेत, पण खाणाऱ्याने अन्नातला आकडा बघून काय समजायचं? डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) १९९५ च्या कराराप्रमाणे कोडेक्सपेक्षा कडक व्हायचं तर शास्त्रीय कारण द्यावं लागतं, आणि ती अट मला योग्य वाटते.

दोन_लेकरांची_आई
शास्त्रीय कारण हवंच, पण ते आधी कुणी द्यायचं? जेएमपीआरसमोर येणारे बहुतेक अभ्यास औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केलेले असतात. माझ्या पोराच्या ताटात जाणाऱ्या गोष्टीबद्दल शंका असेल तर पुरावा विकणाऱ्याने द्यावा, आणि तो स्वतंत्र माणसांनी तपासावा. पूर्ण अभ्यास, सारांश नव्हे, सगळ्यांना बघायला मिळाला पाहिजे.

बांधावरून
ताई, याला माझा विरोध नाहीच. उलट सार्वजनिक पैशातून चाचण्या झाल्या तर आम्हालाही बरं. डब्ल्यूटीओशी जोडलेल्या एका निधीतून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत असे प्रकल्प झालेत, तिथल्या फळांवर तिथल्याच लोकांनी चाचण्या केल्या आणि त्यातून कोडेक्सच्या मर्यादा ठरल्या. असं पाच-पन्नास पिकांसाठी करा, फवारणाऱ्याच्या अंगावर किती जातं ते पण त्यातच मोजा, मग जो आकडा येईल तो मी मान्य करतो, कडक आला तरी. पण डेटा नाही म्हणून ०.०१, याला माझा विरोध आहे आणि राहणार.

रानवाट
आणि डेटा येईपर्यंतची पाच-दहा वर्षं? तोपर्यंत लोक खातच राहणार. तेवढ्या काळापुरतं तरी ०.०१ लावा एवढंच म्हणतोय. शेतकऱ्याचं जे नुकसान होईल ते औषध विकणाऱ्या कंपनीकडून वसूल करा, त्याच्या खिशातून नको.