अनुभव धागा: कोपऱ्यावरचं तळलेलं चिकन, तुम्ही परत का जाता?

आमच्या धनकवडीतल्या कोपऱ्यावरचं क्रिस्पी चिकनचं दुकान बारा दिवस बंद आहे. शटरवर वहीचा कागद चिकटवलाय: 'वडील दवाखान्यात आहेत, दुकान बंद राहील.' रोज संध्याकाळी तिथून जाताना मान आपोआप वळते.

दहा बाय बाराचा गाळा, बाहेर दोन स्टुलं, बसायला जागा नाहीच. सात वर्षं आम्ही तिथून घेतोय. दादाचं काम मी कितीतरी वेळा उभं राहून पाहिलंय. लेगपीसला हाडापर्यंत दोन चिरा, मसाला लावून रात्रभर फ्रीजमध्ये. गिऱ्हाईक आलं की तुकडा मैद्यात घोळवून तळहातानं दाबायचा, जाळीत घेऊन गार पाण्यात क्षणभर बुडवायचा, परत मैद्यात. दुसऱ्या खेपेला तो दाबत नाही, बोटांनी नुसता उचलून उचलून टाकतो, आणि तिथेच ते पापुद्रे उभे राहतात. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतो. लेगपीसला चौदा मिनिटं. 'घाई असेल तर विंग्ज न्या, सात मिनिटांत देतो. लेगपीस पायजे तर थांबा.' आधी तळून ठेवलेला तुकडा त्यानं मला एकदाही दिलेला नाही. माझ्या लेखी चांगल्या दुकानाची हीच खूण: जो थांबायला लावतो, तो चांगला.

तुमचं काय? मोठ्या साखळ्यांबद्दल नको, घराजवळच्या साध्या दुकानाबद्दल, गाडीबद्दल लिहा. परत का जाता, किंवा जाणं का सोडलंत. तक्रार असेल तर दुकानाचं नाव देऊ नका, बाकी मोकळेपणानं लिहा.

डोंबिवली

आमच्यासाठी तळलेलं चिकन म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं लॉलीपॉप. बाबांचा पगार झाला की हाफ प्लेट, चार नग, आम्ही तिघं भावंडं. चौथा आईचा, आणि आई तो अर्धा करून परत आम्हालाच द्यायची.

पंखाचा खांद्याकडचा भाग घेऊन सुरीच्या टोकानं मांस हाडापासून सोडवत वर ढकलायचं, म्हणजे खाली दांडी मोकळी होते. गाडीवरचा नेपाळी भाऊ हे इतक्या झरझर करायचा की आम्ही प्लेटपेक्षा त्याच्या हातांकडेच बघत राहायचो. पाच वर्षांपूर्वी तो गावी गेला, गाडी दुसऱ्यानं घेतली. आता लॉलीपॉप आकारानं मोठं दिसतं, पण फोडलं की आत मैद्याचा गोळा आणि बोटभर मांस. लाल रंग हाताला लागला की दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. मी दोनदा सांगून पाहिलं, मग जाणं सोडलं. राग पैशांचा नाही. माझा मुलगा लॉलीपॉप म्हणजे हेच समजतो, त्याचं वाईट वाटतं.

बेळगाव

लाल रंगाचं वाचलं म्हणून लिहितो. आमच्याकडे तळलेल्या चिकनला कबाबच म्हणतात, आणि ते लालभडकच असायचं. २०२४ मध्ये कर्नाटकात आधी गोबी मंचुरियनमधले आणि मग जूनमध्ये कबाबमधले कृत्रिम रंग बंद झाले. आमच्या गल्लीतल्या काकांनी दुसऱ्याच दिवसापासून ब्याडगी मिरची वाटून लावायला घेतली. पहिले आठ दिवस लोक 'फिकं दिसतंय' म्हणून नाक मुरडत होते. काकांनी ऐकलं नाही. आता त्याच कबाबला रांग असते, कारण ब्याडगीला रंग तर आहेच, वास पण आहे.

मुंब्रा

माझं माहेर दापोलीकडचं, सासर मुंब्र्यात. हे अकरा वर्षं जेद्दाला होते. तिथल्या अल बैकचं ब्रोस्ट (प्रेशर फ्रायरमध्ये तळलेलं चिकन) म्हणजे आमच्या लोकांसाठी काय आहे, हे उमऱ्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. १९७४ पासूनचं दुकान ते. हे सुट्टीला येताना विमानात मांडीवर डबा धरून यायचे. घरी पोचेपर्यंत चिकन गारढोण, तरी पोरं पांढऱ्या लसणाच्या चटणीत बुडवून बोटं चाटत बसायची.

आता आमच्या इमारतीखालीच गल्फहून परतलेल्या एका भाईंनी ब्रोस्टचं दुकान टाकलंय. प्रेशर फ्रायर म्हणजे झाकण घट्ट आवळलेली तेलाची टाकी. चिकनमधल्याच पाण्याची वाफ कोंडून दाब तयार होतो, म्हणून तुकडा लवकर शिजतो आणि आतून कोरडा पडत नाही. (हा प्रयोग घरच्या कुकरात कुणीही करू नका. आमच्या नात्यात एकीचा हात भाजलाय. कुकर पाण्यासाठी असतो, तेलासाठी नाही.)

रमजानात दुकान दिवसभर बंद. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर पहिला घाणा निघतो. पिशवी घ्यायला गेले की भाई आधी विचारतात, 'रोजा सोडलात का?' आणि हातावर खजूर ठेवतात. यांना जेद्दाची चव शंभर टक्के मिळत नाही म्हणे. मला मिळते, कारण मी जेद्दाला कधी गेलेच नाही. माझ्यासाठी मुंब्र्याचंच खरं.

पिंपरी

एकच सांगतो. पार्सल घेतलं की पिशवीला गाठ मारू नका, डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. वाफ कोंडली की दहा मिनिटांत कुरकुरीतपणा जातो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. आमचा दुकानदार स्वतःच कागदी पिशवीला पेन्सिलीनं चार भोकं पाडून देतो. घरपोच मागवलेलं आणि स्वतः जाऊन आणलेलं, एकाच दुकानाचं असूनही दोन वेगळे पदार्थ लागतात.

नाशिक

मी एकदा भर दुकानात भांडले होते. लेकीनं लेगपीस तोडला तर हाडालगत लालसर-काळपट. कच्चं चिकन पोराला देता का, म्हणून मी आवाज चढवला. दुकानातल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, 'ताई, बसा.' तोच तुकडा त्यांनी माझ्यासमोर उकलला. मांस पांढरं, हाडापासून अलगद सुटणारं, दाबल्यावर निघालेलं पाणी स्वच्छ. रंग फक्त हाडाला चिकटून होता. मग म्हणाल्या, 'तरी मनात असेल तर दुसरा तळून देते, पैसे नकोत.'

घरी येऊन पशुवैद्य असलेल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, त्या बरोबर आहेत. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच कापायला येतो, हाडं कोवळी आणि सच्छिद्र असतात, मज्जेचा रंग झिरपून बाहेर येतो. नुसत्या रंगावरून शिजलं की नाही ते ठरत नाही. आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं की झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी मावशींची माफी मागितली. त्यांनी विषयच बदलला, लेकीची परीक्षा कधी ते विचारलं. त्यानंतर आम्ही दुसरीकडे गेलेलो नाही.

नवापूर, जि. नंदुरबार

फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. मी अकरावीत होतो. पांढरे पोशाख घातलेली माणसं, पोल्ट्र्यांमागे खणलेले खड्डे, लाखो कोंबड्या मारून पुरलेल्या. टीव्हीवर आमच्या गावाचं नाव दिवसभर.

आमच्या घराजवळ एक काका चिकन पकोड्याची गाडी लावायचे. त्यांनी त्याच गाडीवर मूगभजी तळायला घेतली. लोक भज्यांनाही हात लावेनात, 'कढई तीच ना' म्हणायचे. काकांनी नवी कढई आणली, तरी नाही. काही महिन्यांनी सगळं निवळल्यावर त्यांनी पहिला पकोड्यांचा घाणा काढला. गाडीसमोर आम्ही आठ-दहा जण नुसते उभे. काकांनी सगळ्यांदेखत पहिला पकोडा स्वतः खाल्ला, दुसरा काकूंना दिला. मग माझे वडील पुढे झाले आणि म्हणाले, 'पाव किलो बांध.'

२०२० च्या सुरुवातीला चिकनमधून करोना होतो अशी अफवा उठली आणि कोंबडी मातीमोल झाली, तेव्हा वडील मुद्दाम रोज त्या गाडीवर जाऊन उभे राहायचे. तुम्ही परत का जाता, असं विचारलंत. आमच्या घरात याचं उत्तर चवीत नाही.

नागपूर

मी जाणं सोडलेल्यांपैकी. गाडी घराखालीच, चवीला उत्तम, पण खाल्ल्यावर तासभर घसा खवखवायचा आणि रात्री जळजळ. एकदा दुपारी लवकर गेलो तर आदल्या रात्रीचंच काळं तेल तापत होतं, वर फेस, आणि तुकडे पडायच्या आधीच धूर. विचारलं तर म्हणे, 'भाऊ, त्यातच तर चव असते.'

तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात खराब घटक साठत जातात. टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात त्याला. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. गाडीवर ते मोजायचं यंत्र कुठून येणार, पण आपल्याला डोळे आणि नाक आहे. तेल काकवीसारखं दाट आणि काळं, फेस बसत नाही, धूर लवकर: यातलं काहीही दिसलं तर मी पुढे जातो. नवी गाडी शोधायला मला वर्ष लागलं. ती चौकापलीकडे आहे, वीस रुपये महाग आहे, पण घसा ठीक राहतो.

कोल्हापूर

गिऱ्हाईक न्हाई, मी दुकानदारच. लिहिलं तर चालंल न्हवं?

डोंबिवलीच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. मैदा फुगवून विकणं ही चोरीच. पण दोन गोष्टी आमच्या बाजूनं. चिकनचा दर सारखा वर-खाली होतो, आमचा फलक वर्ष-वर्ष तोच. वाढला की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून कुणी नग लहान करतो, कुणी तेल दोन दिस जास्त चालवतो. मी फलकावरचा भाव खडूनं लिहितो आणि बदलतो. लोकं आधी कुरकुरली, आता विचारतात, 'आज काय भाव?' भाजीचा विचारतात तसं.

तळायला पक्षी लहान लागतो, किलो-सव्वा किलोचा. मोठ्या पक्ष्याचा लेग बाहेरनं करपतो आणि आत शिजत न्हाई. आणि कढईत एका वेळी सहाच तुकडे. जास्त टाकलं की तेल थंड पडतं, मग चिकन तेल पितं. गटारीला आणि रविवारी रात्री आठला मी बी दहा-दहा टाकतो, खोटं कशाला बोलू. रविवारी आठला येणारा माणूस माझ्या हातचं सगळ्यात वाईट चिकन खातो. बुधवारी सातला या. श्रावणात तर एकेकाला एकेक तुकडा निवडून देतो, पण तवा तुम्ही कुणी फिरकत न्हाई.

सुवॉन, दक्षिण कोरिया

इथे चिकनची आख्खी गल्ली आहे. मोठ्या लोखंडी कढयांत अख्खी कोंबडी तळून, तोडून ताटात देतात, सोबत कोंबडीची तळलेली पेटी (जठर) आणि आंबट-गोड मुळ्याच्या फोडी. बाकी दुकानांत बहुतेक दोनदा तळतात: एकदा शिजवायला, जरा निववून दुसऱ्यांदा कुरकुरीत करायला. आमच्या वसतिगृहाजवळचे आजोबा पूर्वी कारखान्यात होते. १९९७ च्या मंदीत नोकरी गेली आणि हातात आलेल्या पैशांत त्यांनी दुकान टाकलं. त्या काळात असं खूप जणांनी केलं. मला कोरियन येत नव्हतं तेव्हा ते दोन बोटं दाखवून 'अर्धं साधं, अर्धं तिखट?' विचारायचे. तिखट म्हणजे गोडच असतं खरं तर. मी घरून आणलेली कांदा-लसूण चटणी एकदा त्यांना दिली. ती त्यांनी काउंटरखाली ठेवली आहे, माझ्यासाठी काढतात.

टूटिंग, लंडन

मी नर्स आहे. रात्रपाळीहून उशिरा सुटले की चिकन शॉप सोडून काही उघडं नसतं. इथे सगळे काउंटरवरच्या माणसाला 'बॉसमन' म्हणतात, शाळेतली पोरं सुद्धा. आमचे बॉसमन जाफन्याचे तमिळ आहेत आणि मला 'सिस्टर' म्हणतात. तक्रार एकच: काचेच्या गरम कपाटात तुकडे तास-तास पडून असतात, चामड्यासारखे होतात. पहिल्या हिवाळ्यात मी तेच गपचूप खायचे. एकदा धीर करून म्हटलं, ताजं मिळेल का? ते म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही विचारलंच नाही कधी.' आता खिडकीतून मी दिसले की विंग्ज तेलात सोडतात.

धनकवडी, पुन्हा मीच

सगळं वाचलं, नवापूरचं दोनदा. कोल्हापूरच्या दादांचं वाचून आम्ही रविवार सोडून बुधवार धरायचं ठरवलंय.

आज बुधवार. कागद निघालाय, शटर अर्धं वर होतं. वडिलांना काल घरी आणलं म्हणाला, अजून चालता येत नाही. कढईत नवं तेल, मसाला मात्र सकाळीच लावलाय, रात्रभर मुरलेला नाही. 'आज नेऊ नका, उद्या या,' असं तो स्वतःच म्हणाला. मी म्हटलं, असू दे, आजचंच दे, चार लेगपीस. त्यानं घड्याळाकडे बघितलं. मी बाहेरच्या स्टुलावर बसून हे लिहितोय. अजून नऊ मिनिटं आहेत.