मदत हवी आहे: गोल्फ कोर्ससाठी शेत मागतायत. 'गवतच लावणार, एनए (बिनशेती परवानगी) लागत नाही' हे खरं का?

भातवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक). वडील आणि काका मिळून सहा एकर, खाली भात, वर माळावर काजू. दिवाळीपासून बाहेरची एक पार्टी गावात फिरते आहे. अठरा होलचं गोल्फ कोर्स, कडेला कॉटेजेस, क्लब हाऊस. सगळ्या शिवारातली मिळून दीडशे एकर त्यांना हवी आहे. आमच्यातली चार एकर मागतायत.

एजंटचं म्हणणं असं: गोल्फला गवतच लावायचं, म्हणजे ती शेतीच, एनए फक्त कॉटेजपुरता. दुसरं, आम्ही शेतकरी नाही, त्यामुळे खरेदी आत्ता होत नाही. तुम्ही संचकार पत्र (विसार घेऊन केलेला करार) आणि वटमुखत्यार (तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार) द्या, जमीन तुमच्याच नावावर राहू दे. तिसरं, पहिला टप्पा ११५ एकरांचाच, म्हणून पर्यावरणाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीची ना हरकत घेतली की काम सुरू.

कागद सगळे कन्नडमध्ये. वडिलांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, मला कन्नड बोलता येतं पण कोर्टाची भाषा कळत नाही. मित्राकडून वाचून घेतलं तर तिसऱ्या पानावर ओळ निघाली की बिनशेती आणि इतर सर्व परवानग्यांची जबाबदारी जमीनमालकाची! काका मात्र रोज म्हणतात, "बघूलास काय, सही कर की." शेजारच्या शेतात त्यांनी जेसीबी लावून बांध फोडलेसुद्धा, आणि आमच्या मधून जाणारा ओढा 'वळवून तळं करू' म्हणतायत.

सही करावी की थांबावं? जाणकारांनी सांगा.

जुना सर्व्हेअर

थांबा. वडिलांना म्हणावं, पेन खिशात ठेवा.

गवताचं आधी. गोल्फच्या मैदानावर बहुतेक आपल्या हरळीचीच सुधारित जात असते. जन्मभर खुरप्यानं जी उपटली तिलाच हे शेती म्हणणार! पण कायदा गवत बघत नाही, वापर बघतो. खेळ आणि करमणूक म्हणजे बिगरशेती वापर. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, कलम ९५, परवानगी डीसींची (जिल्हाधिकाऱ्यांची). अर्ज उताऱ्यावर ज्याचं नाव त्यानं करायचा, आणि परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ९६ खाली कारवाई त्याच्यावरही. तिसऱ्या पानावरची ओळ त्यासाठीच घातली आहे.

'आम्ही शेतकरी नाही' हे कारणही शिळं झालं. कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यात ही आडकाठी घालणारी ७९अ आणि ७९ब ही कलमं होती, ती २०२० च्या दुरुस्तीत गेली. कमाल धारणेच्या मर्यादेत बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते. मग खरेदी का नको? परवानगीचा धोका तुमच्या गळ्यात आणि ताबा त्यांच्याकडे, असा हिशेब दिसतो. वटमुखत्यार तर अजिबात देऊ नका.

एक विचारतो, ओढा उताऱ्यात कसा दाखवला आहे? पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) 'ब' असेल तर तो सरकारी. तुम्ही विकू शकत नाही आणि ते वळवू शकत नाहीत.

टिळकवाडीकर

टप्प्यांबद्दल थोडं. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत 'गोल्फ' हा शब्द शोधत बसू नका. असं काम क्षेत्र विकास प्रकल्पात मोडतं, आणि तो ५० हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर आधी मंजुरी लागते. ५० हेक्टर म्हणजे साधारण १२३ एकर. त्यांचा ११५ चा आकडा कुठून आला ते कळलं ना? पण आराखडा दीडशेचा असेल तर दीडशेच मोजायचे. त्यांचं माहितीपत्रक हाती लागलं तर जपून ठेवा, त्यात पूर्ण नकाशा असणार. मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पात ती मिळेपर्यंत कुंपण घालून जागा राखण्यापलीकडे जमिनीची तयारीही करता येत नाही, त्यामुळे जेसीबीचे फोटो तारखेसकट काढा.

दुसरं, खानापुरातली बरीच गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात आहेत, आणि त्या मसुद्यात ५० हेक्टर वा जास्तीचे नवे क्षेत्र विकास प्रकल्प थेट बंद आहेत. यादीत गाव आहे का बघा. भीमगड अभयारण्य किती लांब तेही बघा.

पाण्याचं तर कोणी विचारलंच नाही. ग्रीनखाली (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताखाली) वाळू आणि खडी असते, पाणी टिकत नाही. मे महिन्यात रोज पाजावं लागतं. बोअर किती मारणार, हे लेखी मागा. खत आणि तणनाशक पावसात कुठे जाणार? ओढ्यात, तिथून मलप्रभेत, आणि वाटेत तुमच्या विहिरीत.

भातवाला (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. उतारा काढला. २ गुंठे पोटखराब आहे, पण 'अ' की 'ब' ते तलाठी नीट सांगेनात. काका तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झाले, नंतर म्हणाले, "दर चांगला होता की रे." नकाशा कुठे मिळेल?

जुना सर्व्हेअर

तालुक्याच्या एडीएलआर (भूमी अभिलेख) ऑफिसात. रि. स. (रिसर्व्हे) नंबर घालून मूळ टिप्पण (मोजणीची नोंद) आणि आकारबंदाची (क्षेत्र-आकाराच्या नोंदीची) नक्कल मागा. अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारू नका. उद्या खरंच चार एकर विकायची झाली तर अकरा-ई नकाशा (सर्व्हे नंबरातला तुकडा विकताना लागणारा मोजणी नकाशा) लागणारच आहे, त्यात ओढा कुठून जातो ते कागदावर येईल. दराचं काकांना सांगा, चांगला दर खरेदीखतावर लिहून द्यायला त्या पार्टीला सांगा आणि तोंड कसं होतं ते बघा.