‘निगेटिव्ह फीडबॅक’ला मराठीत काय म्हणावं?

दादरहून: लेझर स्थिर ठेवणाऱ्या डिजिटल सर्किटवर शाळेतल्या मुलांसाठी टिपण लिहितेय. ‘नकारात्मक प्रतिक्रिया’ लिहिलं होतं. आईने वाचून विचारलं, “कुणी तक्रार केली का?” दुसरा शब्द सुचवा.

कुलाब्याहून: ‘नकारात्मक’ मुळीच नको. इथे निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, उलट चिन्हाचा. रुबिडियम या धातूच्या अणूंवरच्या प्रयोगांत ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो. त्याची वारंवारता सुमारे ३८४ लाख कोटी हर्ट्झ, आणि अणूच्या शोषणरेषेची (ज्या वारंवारतेचा प्रकाश अणू शोषतो त्या पट्ट्याची) नैसर्गिक रुंदी जेमतेम ६० लाख हर्ट्झ. तापमान किंचित हललं तरी लेझर तिथून सरकतो. किती सरकला ते फोटोडायोडच्या (प्रकाश मोजणाऱ्या भागाच्या) सिग्नलवरून काढायचं आणि तेवढी दुरुस्ती उलट दिशेने लेझर डायोडच्या करंटला किंवा पायझोला (व्होल्टेज दिलं की किंचित लांबी बदलणाऱ्या स्फटिकाला) द्यायची. म्हणून ‘ऋण प्रत्याभरण’.

ठाण्याहून: प्रत्याभरण हा बी.एड.चा शब्द ना? शिवाय आभरण म्हणजे दागिना.

कुलाब्याहून: दागिना हा रूढ अर्थ खरा, पण मुळात ‘भृ’ धातू आहे, भरणातला. बाहेर पडलेल्यातलं थोडं परत आणून आत भरायचं, हेच तर सर्किट करतं. मला तो शब्द चपखल वाटतो. ‘प्रतिसाद’ नको, तो ‘रिस्पॉन्स’साठी लागतो.

आणि धन-ऋण का जपायचं ते सांगतो. डिजिटल सर्किटात एडीसी सिग्नलचे आकडे करतो, एफपीजीए नावाची चिप हिशेब करते, डीएसी पुन्हा व्होल्टेज देतो. यात वेळ जातो. समजा १ मायक्रोसेकंद गेला. लेझरच्या वारंवारतेतल्या मंद हेलकाव्यांना त्याचं काही नाही. पण ५ लाख हर्ट्झच्या हेलकाव्याचं तेवढ्यात अर्धं आवर्तन होऊन जातं. दुरुस्ती पोहोचते तेव्हा तिचं चिन्ह चुकीचं ठरलेलं असतं, म्हणजे ऋणाचं धन झालं! त्या वारंवारतेला गेन (दुरुस्ती किती पटीने द्यायची तो आकडा) जास्त असेल तर लेझर स्वतःच झुलू लागतो. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की कुंई होतं, ते धन प्रत्याभरणच. इथे ‘सकारात्मक’ लिहिलंत तर मुलांना वाटेल काहीतरी चांगलं झालं.

दादरहून: पटलं. आणि ‘लॉक’?

कुलाब्याहून: लॉकच ठेवा. ‘लेझर लॉक झाला’, ‘लॉक सुटला’ असंच बोलतात. कुलूप लावलं की विषय संपतो. इथे लेझर सतत सरकू पाहतो आणि सर्किट त्याला सतत धरून आणतं.

ठाण्याहून: ‘ऋण’ म्हटल्यावर मुलांना कर्ज नाही आठवणार?

दादरहून: नाही, गणितात ऋण संख्या शिकतातच की.